मैत्रिणीच्या रुखवताची वेबसाइट

वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बसून मी पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या वेबसाइट बनवते. रंग निळा, फार तर राखाडी. त्यामुळे डोंबिवलीच्या माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने "माझी बनवशील का गं?" असं विचारलं, तेव्हा मी भलतीच खूश झाले. ती लग्नातलं रुखवत करून देते. सुपाऱ्यांचे भटजी, लोकरीची तुळस, पुठ्ठ्याची विहीर. विहिरीचा रहाट चक्क फिरतो.

रविवारी वर्तकनगरहून लॅपटॉप घेऊन मी तिच्याकडे जायचे. पहिल्याच रविवारी आमचं वाजलं. तिला सगळेच्या सगळे फोटो पहिल्या पानावर हवे होते. "रुखवत कसं, एका नजरेत भरलं पाहिजे," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मोबाइलवर बघणारा माणूस बोट सरकवून सरकवून दमेल." शेवटी निम्म्या फोटोंवर तडजोड झाली. विहीर सगळ्यात वर, कारण ती मला आवडते.

मग 'माझ्याविषयी' हे पान आलं. तिथे तिचा फोटो आणि चार ओळी टाकायच्या होत्या. ती म्हणाली, "ते पान नको. माझं नावही नको कुठे."

तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. आधी ऑर्डरी ओळखीतूनच यायच्या. तो गेल्यावर त्या आटत गेल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही. मुलीला साधंच हवंय, नाहीतर मावशीच करणार आहे, असं काहीतरी गोड कारण असायचं. लग्नघरात तिच्या हातचं नको होतं, इतकंच. म्हणून तर तिला वेबसाइट हवी होती. ओळखत नाहीत ते तरी घेतील. घर तिला यावरच चालवायचं होतं.

माझं डोकंच फिरलं. त्या सगळ्या मावश्यांचा मी यथेच्छ उद्धार केला आणि फोटो टाकायचाच म्हणून हटून बसले. ती पुठ्ठा कापत ऐकत राहिली.

"झालं बोलून?" तिने विचारलं. "तू चिडून ठाण्याला परत जाशील. ऑर्डर माझी जाईल."

मी ते पान काढून टाकलं. वेबसाइट सुरू झाली तेव्हा तिच्यावर विहीर, तुळस, भटजी आणि एक फोन नंबर होता.

पुढे एका रविवारी मी तिथे असतानाच फोन आला. तिचे हात गमाने भरलेले, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. कल्याणच्या एक बाई होत्या, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. विहीर त्यांना फारच आवडली होती. मी ऐटीत मैत्रिणीकडे बघून भुवया उडवल्या. सगळं ठरलं आणि बाई म्हणाल्या, "हॉलवर मांडायला तुम्ही स्वतः याल ना? आमच्यात कुणाला असलं नीट जमत नाही हो."

हे आमच्या दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. आजवर ओळखीच्या बायका सामान घेऊन जायच्या आणि आपापलं मांडायच्या. मी खुणा करत सुटले, मी जाईन, मला पाठवतेस असं सांग. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"येईन," ती म्हणाली. "पण आधीच सांगते. माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. शुभकार्य आहे, तुम्ही घरात एकदा विचारून घ्या."

आता ही बाई काय गोड कारण देते ते ऐकायला मी दात आवळून बसले.

"अहो, मग एवढं सामान घेऊन एकट्या कशा येणार तुम्ही?" बाई म्हणाल्या. "ती विहीर रिक्षात मोडायची. थांबा, आमचे हे गाडी घेऊन येतील तुम्हाला न्यायला. पत्ता सांगा."

तिला पत्ता सांगता येईना. मग मीच सांगितला, मजल्यासकट, आणि माझाही आवाज काही धड नव्हता.