अंबूबाईचं पाऊल

वाईच्या घाटाच्या पायऱ्या अंबूबाई नव्या सुनेसारखी झपझप चढायची आणि घरच्या सपाट अंगणात मात्र खुंटासारखी उभी राहायची. मनात ती शंभरदा 'टाक पाऊल' म्हणे, पण पायाला ऐकूच जात नसे. चेहरा कोरा, हात थरथरणारे. जिला पायऱ्या जमतात तिला अंगण जमत नाही, म्हणजे हे सोंग, असा निकाल गावाने देऊन टाकला. निकाल देणारे सगळे धडधाकट होते.

तिचा नवरा गुंडा उसाच्या गाड्या हाकायचा. त्यालाही ते पटलं. "दिवाळी झाली की तुला म्हसवडला भावाकडं सोडतो," असं त्याने तोंडावर सांगितलं. एवढा संसार करून लबाड म्हणून माहेरी जायचं, याची अंबूबाईला आजारापेक्षा जास्त भीती वाटे.

लढाई संपून मुलगा नाथाजी पलटणीतून सुटून आला, तो आईबापांना साताऱ्याला पलटणीतल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तरुणपणी तिला झोपेचा ताप, म्हणजे माणूस आठवडेच्या आठवडे गुंगीत पडून राहतो तो मेंदूचा ताप, आला होता, हे डॉक्टरांनी खोदून काढलं.

"मेंदूचा एक भाग दुसऱ्याला 'चल' सांगतो, एखादा 'थांब' सांगतो," ते म्हणाले. "दोन्ही लागतात. नुसतंच 'चल' असेल तर हातपाय भलतीकडेच धावतील. त्या तापाने या दोन निरोपांचा मेळ बिघडलाय, 'थांब'चाच जोर झालाय. पायरी डोळ्यांना दिसली की बहुधा दुसऱ्या वाटेने निरोप जातो. आम्हालाही अजून सगळं कळलेलं नाही."

"म्हंजी कासरा कुणी तरी ओढून धरलाय," गुंडा म्हणाला.

"तसंच समजा."

बाहेर आल्यावर तो नाथाजीला म्हणाला, "पर धरणारी तीच हाय, गड्या."

एका सकाळी सून विजयमाला दारात रांगोळी घालत होती. अंगणात अडकलेल्या अंबूबाईचं लक्ष त्या रेघेकडे गेलं आणि तिचा पाय उचलला गेला. रांगोळी तुडवायची नाही, ओलांडायची, हे बाईच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. विजयमालेने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने चुलीपासून दारापर्यंत सारवलेल्या जमिनीवर आडव्या रेघा ओढल्या, आणि अंबूबाई एकेक रेघ ओलांडत चालली. किती तरी महिन्यांनी ती हसली. चेहऱ्यावर फारसं दिसलं नाही एवढंच.

गुंडा दारात उभा होता. "बगा, चालतीया की. मी म्हनलं न्हवतं?"

अंबूबाईचं काळीज फाटलं. चालली नाही तरी सोंग, चालली तरी सोंग.

दुपारी सून नदीवर गेली होती. अंबूबाई चुलीकडे निघाली, तेवढ्यात गुंडाने ओल्या फडक्याने तिच्या पुढच्या रेघा पुसल्या आणि भिंतीला टेकून बसला. किती वेळ नाटक करते ते त्याला बघायचं होतं.

ती जिथल्या तिथे थांबली. चुलीवर दूध तापत होतं. साय फुगली, कडेला आली. या बाईने आजवर एक थेंब दूध उतू जाऊ दिलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तिची नजर भांड्यावर खिळली होती, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, सारं अंग पुढे झुकलं होतं, आणि पाय तिथेच. दूध उतू गेलं, विस्तव चरचरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तेही तिला पुसता येईना.

गुंडा उठला. दूध जळत होतं, त्याकडे त्याने बघितलंही नाही. कोनाड्यातली रांगोळी मुठीत घेतली आणि तिच्या पायांपुढे वाकून वेडीवाकडी रेघ ओढली. मग दुसरी.

"उचल पाय," तो म्हणाला. "म्हसवडला न्हाई जायाचं."