घरापासून दहा मिनिटांवरचं हॉस्टेल

मी मुळातच तापट. कराडजवळच्या आमच्या गावात मला सगळे फटाकडी म्हणायचे, आणि त्यात थोडं कौतुकही असायचं. पण त्या वर्षी माझं जे चाललं होतं, त्यात कौतुक करण्यासारखं काहीच नव्हतं. वय सेहेचाळीस. पाळी यायची तेव्हा धो धो, नाहीतर तीन-तीन महिने पत्ता नाही. जानेवारीत जयपूरला हाडं गोठतात, लोक दोन-दोन स्वेटर घालून फिरतात, आणि मी घामानं भिजून स्वेटर काढून फेकायचे. आणि राग म्हणजे काय सांगू! कुणी नुसतं "चहा झाला का?" विचारलं तरी डोक्यात तिडीक जायची. नवऱ्यानं विचारणंच बंद केलं. गपचूप स्वतः चहा करून प्यायचा आणि कप विसळून ठेवायचा.

नवरा विमा कंपनीत अधिकारी. जयपूर ही आमची पाचवी बदली, दुर्गापुऱ्यात भाड्याचं घर. मुलगी एकच, तेव्हा दहावीला. तिचं सगळं शिक्षण हिंदी मुलखात झालेलं, त्यामुळे तिच्या मराठीत दर वाक्याला एक 'मतलब' आणि 'मी आली, मी गेली'. तिचं मराठी सुधारायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी दर वर्षी घरी करते. त्या वर्षीही इथल्या मराठी घरांतल्या वीसेक जणी आल्या होत्या. गच्चीवर सगळी कॉलनी पतंग उडवत होती, 'वो काटा!'चा नुसता गजर चालला होता, आणि मुलीचा सगळा जीव वर. वाण वाटायला तिच्या हातात ट्रे दिला, तर अर्ध्या बायकांना वाटून झाल्यावर ती ट्रे टीपॉयवर ठेवून जिना चढून गेली. दोन मिनिटांसाठी. परत आली तेव्हा मी दारातच उभी होते. "असली कार्टी पोटाला आली, माझंच नशीब फुटकं!" मी ओरडले. वीस बायकांसमोर, गोड बोलायच्या दिवशी. तिनं ट्रे उचलला, उरलेल्या सगळ्यांना वाण दिलं, वाकून नमस्कार केला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आठवड्याभरानं नाश्ता करताना ती बाबाला म्हणाली, "बाबा, एप्रिलमध्ये कोचिंग सुरू झालं की मला हॉस्टेलला राहायचंय. गोपालपुऱ्यात." आमच्या घरापासून गोपालपुरा दहा मिनिटांवर. त्या हॉस्टेलांत सीकरची, भरतपूरची, बिकानेरची मुलं राहतात. दुर्गापुऱ्याहून तिथं राहायला कोण जातं? नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "पढाईसाठी." माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. खरं कारण घरात तिघांनाही माहीत होतं. मी त्या दिवशी एकच गोष्ट ठरवली, पोरगी घराबाहेर पडायच्या आत मला माणसात यायचं होतं.

ठरवणं सोपं होतं. जायचं कुणाकडे? बायकांच्या डॉक्टरनं तपासण्या करून झाल्यावर सांगितलं, "ये उम्र ही ऐसी है, मॅडम. टहला कीजिए." आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. मी फिरायला जायला लागले, तर रस्त्यात मध्ये आलेल्या स्कूटरवाल्याशी भांडून घरी आले. इथल्या मराठी मंडळातल्या काकूंना भीत भीत विचारलं. एक म्हणाली ताक पी, दुसरी म्हणाली गुलकंद खा, उष्णता आहे सगळी. तिसरीनं नुसतं डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, हिलाच काय ते कळलं. चार दिवसांनी कराडहून बहिणीचा फोन, "अगं, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे?" त्या काकूंची नणंद पुण्याला, नणंदेची शेजारीण आमच्या मावशीच्या नात्यातली. कपाळ माझं! तेव्हा कळलं की जयपुरात आपली माणसं मोजून पन्नास घरं असली, तरी त्यांचे फोन अख्ख्या महाराष्ट्रात जातात. मराठी माणसाकडे जायचं नाही, हे तिथंच पक्कं झालं.

मग इंटरनेटवर समुपदेशक शोधले. हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो आणि नावापुढे पदव्यांची रांग. एक बाई फक्त इंग्रजीत बोलायच्या. एकीनं सांगितलं, नवऱ्याला घेऊन या, आम्ही जोडप्यांचंच बघतो. एकीच्या सहायिकेनं फोनवरच इतके प्रश्न विचारले की मी भडकून फोन ठेवला. आणि दहावीची परीक्षा जवळ येत चाललेली. ती संपली की एप्रिल.

गोपालपुऱ्याला मी गेले ती खरं तर हॉस्टेलचा फॉर्म आणायला. नवरा दौऱ्यावर होता आणि मुलगी म्हणाली, "आई, तू आण." ते वाक्य मला चांगलंच लागलं. फॉर्म घेऊन जिना उतरताना समोरच्या इमारतीवर पाटी दिसली, मानसिक परामर्श, म्हणजे आपलं समुपदेशन, दुसरा मजला. मी काही विचार केला नाही, चढले. आत बाकावर दहा-बारा मुलंमुली, सगळ्यांच्या मांडीवर जाड पुस्तकं. टेबलामागच्या पोरीनं विचारलं, "आंटी, बच्चा कहाँ है?"

"बच्चा नहीं है," मी म्हटलं. "मैं ही हूँ."

बाकावरच्या एका मुलानं पुस्तकातून डोकं वर काढलं. ती पोरगी मात्र हसली नाही. "एक मिनिट, आंटी," म्हणून आत गेली. आतून त्यांची समुपदेशक आली, वयानं माझ्या मुलीची थोरली बहीण शोभेल अशी. मला आत नेलं, पाणी दिलं. म्हणाली, आम्ही फक्त कोचिंगच्या मुलांचं बघतो, तुमचं मी अर्धवट करणार नाही. पण जवाहर नगरला एक बाई बसतात, वर्षानुवर्षं बायकांचंच काम करतात. तिनं माझ्यासमोर फोन लावला, वेळ ठरवली, पत्ता लिहून दिला आणि दारापर्यंत सोडायला आली. बाहेर बाकावर तिची मुलं खोळंबली होती. त्या पोरीचं भलं होवो, असं मी आजही म्हणते, आणि मनापासून म्हणते.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं स्कूटरवरून सोडलं. "आत येऊ का?" त्यानं विचारलं. "काही नको," मी खेकसले. तासाभरानं बाहेर आले तर हा समोरच्या कडुनिंबाखाली उभा. त्यानं हेल्मेट हातात दिलं. मुलीला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही. बुधवारी दुपारी आई लांबच्या मंडईत जाते, एवढंच तिला ठाऊक.

बाई साठीच्या असतील. राजस्थानातल्याच, शेखावाटीकडच्या, आवाज जाड, केस पांढरेशुभ्र. घराच्या मागच्या अंगाला एक खोली, दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. मी बसले आणि हिंदीत सगळं सांगितलं. गंमत म्हणजे, हिंदीत मला भांडताच येत नाही. इतक्या वर्षांत मी हिंदी शिकले ती शेजारणींशी, वॉचमनशी, शाळेतल्या मास्तरणींशी गोड बोलण्यापुरती. 'जी' लावल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नाही. दोन बैठका मी अशा शहाण्या बाईसारखी बोलले की तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "आप तो बडी शांत हैं. जो घर में चिल्लाती है, वो यहाँ कब आएगी?"

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, ती मराठीत ओरडते. बाई म्हणाल्या, मग तिला मराठीत लिहू दे. रोज थोडं. मला दाखवायचं नाही, कुणालाच दाखवायचं नाही. मनात येईल ते, जसंच्या तसं.

मी दोनशे पानी वही आणली आणि सुटले. डॉक्टर, काकू, सासरची माणसं, देव, कुणाला म्हणून सोडलं नाही. लिहून झालं की हात दुखायचा आणि डोकं हलकं व्हायचं. वही फ्रिजवर ठेवायचे, उघडीवाघडी. लपवायची गरज काय? नवरा ऑफिसची कागदं सोडून काही वाचत नाही, आणि मुलीला तर मराठी बोलतानाच ठेच लागते. आमच्यासारख्या बदलीवाल्या घरांत ही समजूत पक्की असते. पोरांपासून लपवायचं ते आपण अस्सल मराठीत बोलतो, लिहितो आणि निश्चिंत राहतो. पोरीनं दहा वर्षं शाळेत हिंदी वाचलंय, अक्षरं तीच आहेत, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. इतकी मी शहाणी!

दहावी संपली. फॉर्म भरून टेबलावर पडला होता, सोमवारी द्यायचा होता. शनिवारी दुपारी मी भाजी घेऊन आले, चपला काढत होते, तर स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला. पहिलीतल्या पोरासारखी ती एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचत होती.

"ती... हॉस्टेलला... जाणार... म्हटल्यावर... मला... आधी... बरं... वाटलं. मग... माझी... मलाच... किळस... आली."

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. दोन्ही पिशव्या तशाच हातात. पळून जावं वाटलं, आणि हलता येईना. तिनं मान वर केली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर वही फेकून मारेल. मारली असती तरी मी काही म्हणाले नसते.

"आई, किळस मतलब?"

"घिन," मी म्हटलं. "स्वतःचीच घिन आली, असं."

"आणि त्याच्या आधीचं? बरं वाटलं, ते खरं आहे?"

खोटं बोलायला जागा होती. पण वही तिच्या हातात होती आणि अक्षर माझं होतं. "हो," मी म्हटलं. "थोडा वेळ वाटलं."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मला पण वाटलं. तू फॉर्म आणला तेव्हा."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि ओट्याला टेकून तिला सगळं सांगितलं. पाळी कशी जाते, अंगाची भट्टी कशी होते, राग कसा कुठून उसळतो आणि नंतर आपलंच तोंड आपल्याला बघवत नाही. माझ्या आईनं मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तीही त्या वयात भांडी आपटायची आणि आम्ही बहिणी तिला नावं ठेवायचो. मुलगी ऐकत होती. मधेच म्हणाली, "मग बुधवारी तू मंडीत नाही जात?" मी जवाहर नगरचं सांगितलं. "मला पण यायचं," ती म्हणाली. "फॉर्म द्यायच्या आधी." मी बाईंना फोन केला. बाईंनी सोमवारी सकाळची वेळ दिली.

बाईंचे उपकार मी कोणत्या तोंडानं मोजू? त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. तुझं चुकलं म्हणाल्या नाहीत आणि तुझं काही चुकलं नाही असंही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं, तिच्या औषधांनी हळूहळू घामही आटोक्यात आला आणि झोपही लागायला लागली. राग पुरता गेला म्हणाल तर नाही, मूळ स्वभाव कुठं जायचा! पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो सोमवार. बाईंनी शेजारच्या खोलीतून तिसरी खुर्ची स्वतः उचलून आणली. मुलगी अंग चोरून बसली. मी मनातल्या मनात तयारी करून आले होते. म्हणेल, मम्मी चिल्लाती हैं, सबके सामने बोलती हैं. म्हणू दे. ऐकून घ्यायचं, तोंड उघडायचं नाही.

बाईंनी तिला सरळ विचारलं, "बेटा, हॉस्टल क्यों जाना है?"

ती बाईंकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत मला म्हणाली, "तू माझ्यासमोर ओरडतेस, आई. रडत नाहीस. रडायला बाथरूममध्ये जातेस, नळ सोडून. मला बाहेर ऐकू येतं. मतलब, मला वाटलं, मी गेली की तुला नळ नाही सोडायला लागणार."

  पोरगी माझ्या रागाला कंटाळून निघालीय, असं मी तीन महिने धरून चालले होते. आणि ती माझ्या रडण्याला जागा करून द्यायला निघाली होती, सोळाव्या वर्षी, बॅग भरून.

मी रडले. मोठ्यानं, हुंदके देऊन, तिच्यादेखत. ती उठून माझ्या खुर्चीशी आली आणि तशीच उभी राहिली.

"आता जाऊ का नको, तूच सांग," ती म्हणाली.

"नको जाऊस," मी म्हटलं.

ती गेली नाही.