आकारामला दिलेला मान

आमच्या गावात आवई उठली होती, की आकारामला इटलीतल्या दारूची चटक लागली. तिकडं म्हणे नळाला द्राक्षाची दारू येते आणि आपल्या पलटणीतले गडी तिनंच तोंड धुतात. ही बातमी आणणारा माणूस जन्मात मिरज स्टेशनाच्या पलीकडं गेलेला नाही. पण तो गळ्याला चिमटा घेऊन सांगत होता आणि गाव तोंड उघडं टाकून ऐकत होतं.

खोटं, साफ खोटं! आकारामच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. त्याच्या चुलीवर मिरची भाजली की ठसका मला लागतो. हा गडी लढाईवर वाट्याला येणारी रमसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकायचा आणि बदल्यात साखर मागायचा. सेहेचाळीस साली परत आला तेव्हा ट्रंकेत काय आणलंय ते बघायला सगळ्यांत आधी मीच वाकलो होतो. कांबळं, दाढीचं सामान आणि बायकोसाठी, अंजनासाठी, एक आरसा. बाटली नव्हती. त्याला पहिला पेला इटलीनं दिला नाही. आमच्या गावानं दिला, खंडोबाच्या देवळापुढं, दिवसाढवळ्या, वाजतगाजत.

आला तो मुका होऊनच आला, हे मात्र खरं. शेजारच्या मळ्यात विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंग उडाला की आकारामच्या हातातला घास खाली पडायचा. एकदा तर तो भर रस्त्यात बैलगाडीखाली शिरला. लोक पोट धरून हसले. थट्टा हा माझा पिढीजात धंदा, पण गाडीखालून बाहेर आलेलं ते तोंड बघून मी नुसती त्याची टोपी उचलून दिली. अंजना माझ्या बायकोला सांगायची, दिसभर भिंतीकडं तोंड करून पडतोय, उसाला पाणी द्यायला उठत न्हाई, छातीवर हात ठेवला तर आत कोंबडं फडफडतंय. गावानं निदान केलं, बाहेरची बाधा.

आणि मग त्याच गावानं त्याला मान दिला. चंपाषष्ठीला पालखी देवळाबाहेर आली की आमच्याकडं उखळ उडवतात. उखळ म्हणजे जमिनीत पुरलेलं जाड लोखंडी नळकांडं. त्यात सुरुंगाची दारू ठासायची आणि लांब काठीला पेटता काकडा बांधून बत्ती द्यायची. आवाज पार पलीकडच्या गावात जातो. बत्तीचा मान लढाईवरून परतलेल्या गड्याचा. म्हणजे आवाजानं गाडीखाली शिरणारा माणूस गावानं हुडकून काढला आणि त्याच्या हातात काठी दिली. मान नाकारावा तर देवाचा अपमान, शिवाय घराण्याचं नाक जातं. आकारामच्या हातातला काकडा असा हलत होता की ठिणग्या त्याच्याच धोतरावर पडत होत्या.

तेव्हा पुढं झाले नानासो. हे आमचे पंच. मिशा लढाईच्या, पराक्रम चावडीतला. त्यांनी हलगीवाल्यांच्या मागून एक पेला आणला आणि म्हणाले, "घे रं गड्या, हात थांबंल."

घेतला. हात थांबला. उखळ उडालं. गावानं टोप्या उडवल्या, भंडारा उधळला आणि पोटभर जेवून घरी गेलं. आकाराम मात्र एक औषध शिकून घरी आला.

पुढं सहा-सात महिने मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो. ओढ्याकाठची भट्टी काही लांब नव्हती. प्यायला की घटकाभर छाती गप्प. उतरली की धडधड दुप्पट, वर लाज. मग धडधडीवर एक पेला आणि लाजेवर एक. ज्यांनी पाजली तेच आता त्याला येताजाता पेताड म्हणायला लागले.

शेवटी अंजनानं त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे लढाईनं लावलेलं दुखणं आहे. भीती आणि उदासी आधी आली, दारू मागून आली. आता तिघी एकमेकींना पोसतायत, नुसत्या दारूला झोडपून भागायचं नाही. आवाजापासून लांब ठेवा, बोलतं करा, दारू एकदम न तोडता कमी करत आणा. त्या बाईनं तसंच केलं. विहिरीचं काम असेल तेव्हा त्याला दुसऱ्या शिवारात घेऊन जायची, पेला स्वतःच्या हातानं भरायची, दर आठवड्याला थोडा कमी. दिवाळीपर्यंत गडी पुन्हा उसाला पाणी देऊ लागला. एकदा माझ्या विनोदाला हसलासुद्धा, आणि विनोद बरा नव्हता.

हे गावाला बघवेना. चंपाषष्ठी आली तसं पंचांनी ठरवलं, आकारामनं देवापुढं बेलभंडारा उचलून दारू सोडल्याची शपथ घ्यायची, आणि लगेच, खरा मर्द असल्याचा पुरावा म्हणून, उखळाला बत्ती द्यायची. काय ती अक्कल! शपथ घ्यायची दारू सोडायची, आणि काम सांगायचं असं की प्यायल्याशिवाय होणार नाही. अंजना नानासोंच्या दारात जाऊन विनवून आली. ते म्हणाले, मग त्याला बांगड्या भर, आणि यंदापासून पालखी तुमच्या दारी थांबायची नाही.

त्या सकाळी आकाराम न पिता आला. धुतलेलं धोतर, अंगावर पलटणीतला कोट. देवळापुढं ताट ठेवलेलं, त्यात बेलाची पानं आणि भंडारा. पलीकडं उखळ ठासून तयार. नानासोंनी ताटाकडं बोट केलं. आकारामचे हात थरथरत होते. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू घशातच राहिलं.

आकारामनं हात लपवले नाहीत. सगळ्यांना दिसतील असे पुढं धरले आणि म्हणाला, "मला आवाजाचं भ्या वाटतं, नानासो, ह्ये मी गावादेखत सांगतो. बेलभंडारा मी उचलतो, उखळाला हात लावनार न्हाई. पर पहिला पेला ज्या हातानं दिला, त्यो हात माझ्याआधी ह्या ताटाला लागू दे."