शाळेतली शेवटची पोस्ट

माझी शेवटची पोस्टिंग माझ्याच गावच्या शाळेत झाली. पेन्शनवर येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. हुकूम लेखी नव्हता. सरपंच माझ्या अंगणाबाहेर, तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "सुभेदार, मुंबईवरून माणसं यायला लागलीत. शाळेत ठेवायची, चौदा दिवस. लोक माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "ठीक आहे." त्याच दुपारी बिस्तरा बांधून शाळेत गेलो. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा नागपूरला. घराला कुलूप लावलं तर का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

आमचं गाव मुरुड आणि आगरदांड्याच्या मधलं. एकीकडे खाडी, दुसरीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या. शाळेला पाच खोल्या आणि दोन संडास, त्यातला एक चालू. कागदावर त्याला विलगीकरण कक्ष म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सहा वर्षांनी कुणाला तरी माझी गरज पडली होती.

०६०० ला शिट्टी. ०६३० ला रोलकॉल. प्रत्येकाने आपापल्या खोलीच्या दारात उभं राहायचं, नाव सांगायचं, "ठीक" म्हणायचं. मी लांबून हात पुढे करून कपाळावर तापाची बंदूक धरायचो आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचो. १८०० ला पुन्हा तेच. पहिल्या खोलीत एक टॅक्सीवाला होता. तो म्हणाला, "ओ फौजी, आम्ही काय भरती झालोय का?" मी म्हटलं, "झालायस. शिट्टी वाजली की उभा राहा." दुसऱ्या दिवसापासून तोही वेळेवर उभा राहायला लागला. अशी सहा माणसं होती.

चौथ्या दिवशी सातवा आला. रिटायर्ड लान्स नायक गोविंद ठाकूर. आमच्याच गावचा आणि माझ्याच सेक्शनमधला. मला उस्ताद म्हणायचा. पलटणीतून सुटल्यावर न्हावा शेवाला एका कंटेनर यार्डच्या गेटवर सिक्युरिटीला होता. अलिबागपर्यंत भाजीच्या टेम्पोत बसून आला आणि पुढे चालत. आधी घरी गेला नाही. सरळ शाळेच्या गेटवर येऊन कडक उभा राहिला. त्याचं घर तिथून दोनशे पावलांवर.

त्याची बायको वनिता वहिनी धावत आली आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे थांबली. म्हणाली, "भाऊजी, आमच्या वाडीत पंपाची खोली रिकामी हाय. पाणी हाय, न्हाणी हाय. मी जेवण लांबूनच ठेवीन. यांना तिथं राहू द्या. इथं इतक्या माणसांत कशाला?"

शहाण्यासारखं बोलत होती. मला ते तेव्हाही कळलं. पण मी म्हटलं, "वहिनी, ऑर्डर शाळेची आहे. एकाला सोडलं की उद्या सगळे सुटतील."

तिने गोविंदाकडे बघितलं. तो हसला. "उस्ताद सांगतात ते बरोबर हाय. चौदा दिवस तर हायेत."

"तुम्ही न् तुमची पलटण," ती म्हणाली आणि पाठ फिरवून गेली. गोविंदाला मी तीन नंबर खोली दिली.

दुसऱ्याच दिवशी टॅक्सीवाला खोकायला लागला. बंदूक ताप दाखवत नव्हती. मी आरोग्य केंद्रात फोन लावला. डॉक्टर म्हणजे एक तरुण पोर, आजूबाजूच्या सगळ्या गावांना तीच एकटी. तिने विचारलं, "ताप आहे का?"

"नाही."

"मग लक्ष ठेवा, काका. टेस्टची किट मोजकीच आहेत. ताप आला तर कळवा."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: खोकला आहे, ताप नाही. टॅक्सीवाला त्याच नळावर तोंड धूत राहिला, त्याच संडासात जात राहिला, आणि बाकीचेही. पाच नंबर खोलीत माझा एकट्याचा बिस्तरा होता. मी व्हरांड्यात झोपलो असतो, तर त्याला त्या खोलीत वेगळं ठेवता आलं असतं. कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी केलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी पडलो. दुपारच्या डब्यात भाजलेला सुका बोंबील होता. त्याला वास येईना. उचलून नाकाशी धरला, तरी काही नाही. सुका बोंबील, आणि वास नाही! संध्याकाळी अंग तापलं. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची गाडी येऊन नाकातला नमुना घेऊन गेली. रिपोर्ट चार दिवसांनी येणार होता. मी पाच नंबरमध्ये जाऊन दार आतून लावून घेतलं. शिट्टी उकळत्या पाण्यातून काढून खिडकीवर ठेवली आणि गोविंदाला म्हटलं, "पोस्ट तुझी."

"जी उस्ताद."

पाच नंबर म्हणजे तिसरीच्या वर्गाची खोली. भिंतीवर पाढे लिहिलेले. तापात मी ते पाढे म्हणत पडून राहायचो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकटा कधी झोपलो नव्हतो. बराकीत चाळीस खाटा, बर्फातल्या पोस्टवर एका बंकरमध्ये सहा जण. इथे दहा पावलांवर माणसं बोलत होती आणि माझ्या खिडकीवरून जाताना सगळे श्वास धरून पळायचे. त्यांचं चूक नव्हतं. पण एका दुपारी मी रडलो, ते सांगून टाकतो.

एकच आवाज माझ्याकडे यायचा. रोलकॉल झाला की गोविंद फोन लावायचा, वायरलेस सेटवर असल्यासारखा.

"उस्ताद, तीन नंबर बोलतोय. सात माणसं, सब ठीक. ओव्हर."

"तू कसा आहेस? ओव्हर."

"एकदम ठीक. ओव्हर."

तिसऱ्या सकाळी तो "सात माणसं" म्हणाला आणि थांबला. श्वास घेतला, मग "सब ठीक" म्हणाला. मला ते ऐकू आलं. मैदानातून चालत आला असेल, असं मी ठरवून टाकलं.

पलटणीत सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी म्हणून नाव देणं, ही लाजेची गोष्ट. नियम तसा नाही, रिवाज तसा आहे. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गेलेल्या जवानाला बाकीचे आठवडाभर चिडवतात. गोविंद नवा होता तेव्हा बर्फातल्या पोस्टवर तापाने फणफणत त्याने दोन तास पहाऱ्याची ड्युटी केली होती. सगळ्या सेक्शनसमोर मी त्याची पाठ थोपटली होती. हे त्याच्या डोक्यात मीच भरलं.

त्या दिवशी अकराला आरोग्य केंद्राची आशाताई आली. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र चार गावांत मिळून एक, तेही तिच्या पिशवीत. तिने खिडकीच्या गजांतून माझ्या बोटाला लावलं. पंच्याण्णव. "चांगलं आहे, सुभेदार काका."

मी म्हटलं, "गोविंदाचं बघ."

ती व्हरांड्यातून पुढे गेली. मला त्याचा आवाज आला. "मला काय झालंय, ताई? त्या म्हाताऱ्याचं बघा."

तिने बंदूक धरली. ताप नव्हता. कागदाप्रमाणे ताप नाही तर काही नाही, आणि तिला अजून तीन गावं करायची होती. ती गेली. मी खिडकीतून एवढंच ओरडायला हवं होतं की गोविंदा, बोट पुढे कर. हुकूम म्हणून त्याने केलं असतं. मला खोकल्याची उबळ आली आणि मग मी आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी ०६३० ला शिट्टी वाजली नाही. ०६४० ला मी फोन लावला. तीन नंबरमध्ये रिंग वाजत होती, ती मला इथे ऐकू येत होती. कुणी उचलेना. मी दार उघडून बाहेर गेलो.

गोविंद दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. पायात बूट, नाड्या बांधलेल्या. ओठ निळे पडले होते. बोलत मात्र नीट होता. "दोन मिनिटं, उस्ताद. रोलकॉल घेतो."

"बसून राहा. हुकूम आहे माझा."

०६४७ ला मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. गाडी खाडीपलीकडे दिघीला होती. जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरी, चालू असती तर गाडी समोरून अर्ध्या तासात आली असती. ड्रायव्हर म्हणाला, "फेरी बंद आहे, काका. सगळा वळसा घालून यावं लागेल."

आठ वाजता वनिता वहिनी चहाची किटली घेऊन आली. नवऱ्याला व्हरांड्यात तसं बघून ती गेटमधून आत शिरली. मी हात आडवा केला. "जवळ येऊ नका." ती मैदानात थांबली आणि गाडी येईपर्यंत तिथेच उन्हात उभी राहिली. किटली हातातच होती. मी तेव्हा पुन्हा नियमच पाळत होतो आणि त्या वेळी तो बरोबरही होता. पण तिच्या तोंडाकडे बघायचं माझ्या जिवावर आलं.

गाडी ०९४० ला आली. सोबत कुणाला घेणार नव्हते. स्ट्रेचरवरून गोविंद तिला म्हणाला, "वाडीला पाणी लावलंस का?"

"लावलं," ती म्हणाली.

त्यांनी दार लावलं. तिने वाडीला पाणी लावलं नव्हतं, ते तिने मला नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी अलिबागच्या हॉस्पिटलात गोविंदाने प्राण सोडला. तिकडेच चार अनोळखी माणसांनी त्याला अग्नी दिला. माझा लांबलेला रिपोर्ट त्याच दिवशी आला. पॉझिटिव्ह. मागाहून टॅक्सीवाल्यासकट शाळेतल्या तिघांचे तसेच आले. ते तिघे वाचले. मीही वाचलो.

अंगात ताकद आल्यावर मी तालुक्याला अर्ज लिहिला. ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, त्याला एका संडासावर सात जणांत का कोंडलं? सगळी तपासणी तापावरच का ठेवली? ॲम्ब्युलन्ससाठी तरी फेरी का चालू नव्हती? दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'कार्यवाही त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांनुसार करण्यात आली.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या डॉक्टर पोरीवर माझा राग नाही. ती महिना-महिना घरी गेली नव्हती. पण हे लिहिणारा कोण आहे तो दिसू तरी दे, असं वाटलं. कागद चार वेळा वाचला, तेव्हा दिसला. गेटवर वहिनीला मी हेच उत्तर दिलं होतं. ऑर्डर शाळेची आहे.

मग त्यांच्या घरी गेलो. ती पडवीत सुपारी सोलत होती. मी उभ्यानेच म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलंच." हातातली सुपारी सोलून टाकली आणि म्हणाली, "त्यांचं पण चुकलं. एक बोट पुढं करायला काय झालं व्हतं?" तिने पाट सरकवला. मी बसलो.

आमच्याकडच्या माजी सैनिकांची वर्षातून एकदा सभा होते. सुरुवातीला कामी आलेल्यांची नावं वाचतात आणि सगळे उभे राहतात. पहिल्या वर्षी मी गेलोच नाही. दुसऱ्या वर्षी यादी वाचून संपल्यावर मी उठलो आणि म्हटलं, "एक नाव राहिलं. लान्स नायक गोविंद ठाकूर."

सेक्रेटरी कागद चाळायला लागले. "सुभेदार साहेब, हे नाव यादीत नाही. कुठल्या आघाडीवर पडले?"

"शाळेत," मी म्हटलं. "माझ्या हुकुमाखाली."

त्यांनी पेन काढून नाव लिहिलं.