सुमनअक्कांनी विचारलं, ठिगळ कुठे आहे?

मंडळी, आज धुळ्यात आमच्या संग्रहालयात जुन्या लुगड्यांचं दालन उघडलं. मांडणी माझी होती.

साक्रीकडच्या सुमनअक्कांनी त्यांच्या आईचं लुगडं दिलंय. त्या सकाळीच बघायला आल्या. काचेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "ठिगळ कोठे शे?"

"अक्का, ते आत दुमडलंय. बरं दिसत नव्हतं."

"मन्ही मायना हातनं तेवढंच शे. बाकी बठ्ठं दुकाननं शे."

आईच्या हातचं तेवढं ठिगळच, बाकी सगळं दुकानातलं! मी लगेच कपाट उघडलं, घडी मोडली आणि ठिगळ समोर आणलं. अक्कांनी पदरानं डोळे पुसले.

इतकी वर्षं हे काम करतेय. घड्यांमध्ये मी असं काय काय झाकलं असेल, कोण जाणे. तुमच्या घरी आईच्या हातचं ठिगळ कुणी जपलंय का?