नोलाची हाक

केटल नाल्याच्या वरच्या खोऱ्यात एल्क या सांबराहून मोठ्या हरणाच्या मादीची हाक घालावी ती नोला ब्रेकेनंच, असं गावात सगळे म्हणत. तोंडात टाळूला रबराची चकती लावून ती असा काही आवाज काढायची की माजावर आलेला नर झाडी मोडत थेट यायचा, आणि तिच्या पुढे दगडाआड धनुष्य घेऊन बसलेला तिचा नवरा हार्लन बाण सोडायचा. बाण हार्लनचा, पण शिकार नोलाची, हे हार्लनही मान्य करायचा.

एरवी नोला शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. हार्लनची उमेदीची सगळी वर्षं लाकडाच्या गिरणीत, मोठ्या करवतीपाशी गेली होती. गिरणी बंद पडल्यावर घरामागच्या शेडमध्ये तो लोकांच्या करवती आणि बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करून देई. माणूस मूळचाच अबोल. मुलगी लग्न होऊन स्पोकेन शहरात गेली तेव्हापासून तर घरात दिवसच्या दिवस टीव्हीच काय तो बोलायचा. पण सप्टेंबर लागला, धनुष्यबाणानं शिकार करायचा हंगाम उघडला, की दोघं पाठीवर बोजे घेऊन खोऱ्यात चढायची, आणि तिथला त्यांचा संसार वेगळाच असायचा. तिथे तो तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा. तिनं हाक घातली की वळून म्हणायचा, "छान झाली." वर्षभर नोला त्या दोन शब्दांवर काढायची म्हटलं तरी चालेल.

गेल्या हंगामात मात्र विपरीत घडलं. दिवस कलताना मोठा नर पडला. अंधार व्हायच्या आत दोघांनी मिळून जेमतेम अर्धं मांस खाली आणलं. सकाळी उरलेलं आणायला गेली, तर त्यावर माती आणि पालापाचोळा ओढून एक ग्रिझली अस्वल वर उभं. अस्वलाच्या तोंडावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याचे डबे हातात धरून दोघं उलट्या पावलांनी मागे सरकली. अस्वलानं पाठलाग केला नाही, नुसता कटाकट जबडा आपटला. घरी आल्यावर हार्लन म्हणाला, आता दोघांनीच जाणं नाही. तिसरं माणूस हवं आणि मांस एका खेपेत खाली यायला हवं. नोलानं मान डोलावली. तिसरं माणूस म्हणजे कोण, हे तेव्हा तिनं विचारलं नाही.

ते जुलैत कळलं. मार्वा क्विस्ट.

मार्वा म्हणजे गिरणीतल्याच डेलची बायको. डेल हृदयविकारानं गेला तेव्हापासून ती एकटी होती. डेलची खेचरं तिनं विकली नाहीत. त्यांच्यावर वनखात्याच्या माणसांचं सामान डोंगरात पोचवायची. उंच, धिप्पाड बाई, हसायला लागली की भिंतीपलीकडे ऐकू जावं. बोलताना दोन्ही हात चालायचे आणि बोलायला सुरुवात करण्याआधी समोरच्याच्या दंडावर हात ठेवायची सवय. हार्लनच्या दंडावर तर ठेवायचीच.

दर गुरुवारी संध्याकाळी ती नकाशा घेऊन यायला लागली. नोला रेवाचिनीच्या आंबट देठांचा केक भाजायची, कॉफी करायची आणि ऐकत बसायची. तंबूची जागा आधी बदलली. इतकी वर्षं तो झऱ्याकाठच्या फरच्या झाडांत लागत असे. मार्वा म्हणाली, झाडांत अस्वल अंगावर येईपर्यंत दिसायचं नाही. शिवाय खेचरांना गवत हवं. तंबू मोकळ्या कुरणात लावू, भोवती विजेची तार ताणू. मग स्वयंपाकाची जागा तंबूपासून लांब, वारा जातो त्या बाजूला गेली. मांस कुठे टांगायचं, आतडी पडतील तिथून किती दूर न्यायचं, दुपारनंतर लांबच्या उतारावर बाण सोडायचाच नाही, हे सगळं ठरत गेलं. एकाही गोष्टीत नोलाला बोट ठेवायला जागा सापडेना. तिच्या पोटात खरं दुखत होतं ते तेच. बाई मूर्ख असती तर किती सोपं झालं असतं.

आणि हार्लन. घरात चार शब्द न बोलणारा हा माणूस मार्वासमोर खुर्ची ओढून बसायचा आणि ती बोलत असताना तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. नोला केक कापता कापता ते बघायची. एकदा तिनं मागून विचारलं, कॉफी हवी का? त्यानं उत्तरसुद्धा दिलं नाही. मार्वानं त्याच्या दंडाला हात लावून कपाकडे बोट दाखवलं, तेव्हा साहेब वळले आणि हसले. त्या दिवशी नोलानं उरलेला केक कोंबड्यांना घातला.

शेवटी बसायच्या जागा ठरायची वेळ आली. अस्वलं एल्कच्या हाकेवर येतात, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून हाक घालणाऱ्यानं कड्याला पाठ लावून बसायचं, हे मार्वानं सांगितलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. मग हार्लन खाली बघत म्हणाला, "मार्वा माझ्याजवळ बसेल. पुढे."

नोला म्हणाली, "तुझ्याजवळ कशाला? इतकी वर्षं तुला कुणी जवळ लागलं नाही."

"बरं असतं दोन डोळे जास्त असलेले."

"आणि माझ्या मागे कोण?"

"तुझ्या मागे कडा आहे," हार्लन म्हणाला.

मार्वानं कप उचलला आणि नकाशाची घडी घातली. तिचं ते शांतपणे घडी घालणं नोलाला जास्तच झोंबलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जत्रेच्या मैदानावर फवाऱ्याचा सराव करायचं ठरलं. मिरची नसलेले, नुसत्या वाफेचे डबे त्यासाठी मिळतात. मार्वानं जुनं घोंगडं पांघरून अस्वल व्हायचं आणि समोरून धावत यायचं. नंतर नोलानं मागून ओरडायचं, म्हणजे हार्लननं गर्रकन वळून डबा झाडायचा. समोरचं अस्वल त्यानं झकास मारलं. मार्वा घोंगड्यासकट गवतात लोळली आणि दोघं हसत सुटली. मग नोला मागे गेली. तिनं ओरडून सांगितलं, "हार्लन, मागे." तो हलला नाही. वारा होता, म्हणून ती आणखी जवळ येऊन ओरडली. तरी तो मार्वाकडेच बघत उभा. आणि मग नोलाला दिसलं, मार्वानं हळूच हात वर नेला आणि आपल्या डाव्या कानाला दोन बोटं लावली. त्यासरशी हार्लन डावीकडून वळला.

यांच्यात खुणा आहेत. नवरा-बायकोत नसतात अशा खुणा. घरी येईपर्यंत नोला गाडीत खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टीच होती, दुसऱ्या दिवशी नोला थांबली नाही. ती सरळ मार्वाच्या खेचरांच्या गोठ्यात गेली. मार्वा एका म्हाताऱ्या खेचराचं अंग घासत होती.

"माझ्या नवऱ्याचं आणि तुझं काय चाललंय ते आत्ता सांग," नोला म्हणाली. "आडवळणानं नको."

मार्वानं तिच्याकडे बघितलं. ब्रश कुंपणाच्या खांबावर ठेवला. "त्याला ऐकू येत नाही, नोला."

"काय?"

"जाड आवाज कळतात अजून. बारीक गेले. डेलचंही असंच झालं होतं, त्या करवतीनं निम्म्या गिरणीचे कान खाल्लेत. फेब्रुवारीत पेंडीच्या दुकानात मी त्याला मागून हाका मारल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. समोरच्याचं तोंड बघून तो ओळखतो. तू बहुतेक वेळा पाठमोरी बोलतेस, चुलीकडे तोंड करून."

नोला म्हणाली, "मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं त्याला, दहादा म्हटलं. तो म्हणाला, बाकी कुणाचं ऐकू नाही आलं तरी चालेल, पण नोलाची हाक ऐकू येत नाही हे तिला कसं सांगू?"

दुसऱ्या एखाद्या बाईला हे ऐकून बरं वाटलं असतं. नोलाला नाही वाटलं. नवऱ्यानं आयुष्यात एकदा असं काही बोलावं, आणि तेही मार्वा क्विस्टपाशी. दुसरं काही चाललं असतं तर भांडता आलं असतं, कपडे अंगणात फेकता आले असते. याला काय करायचं? फेब्रुवारी ते ऑगस्ट या बाईला तिच्या घरातली गोष्ट ठाऊक होती आणि ती स्वतः केक भाजत बसली होती.

घरी आली तेव्हा हार्लन शेडच्या दारात करवतीच्या साखळीला कानस मारत बसला होता. नोलानं घरातून चकती आणली, टाळूला लावली आणि त्याच्या मागे उभी राहून हाक घातली. हळुवार, लांबट, खोऱ्यात घालायची तशीच. कानस चालूच राहिली. तिनं पुन्हा घातली. शेजाऱ्याचं कुत्रं उठून कुंपणाशी आलं, हार्लन मात्र ढिम्म. मग ती वळसा घालून त्याच्या समोर आली. त्यानं वर बघितलं. तिनं गाल फुगवले, ओठ हलवले, हाताची ओंजळ तोंडाशी नेली आणि आवाज मुळीच काढला नाही.

"छान झाली," हार्लन म्हणाला.

नोलानं तोंडातून चकती काढली. त्याला दिसेल असं, सावकाश म्हणाली, "मी आवाज काढलाच नाही, हार्लन."

त्यानं कानस खाली ठेवली. मग म्हणाला, तिची हाक ऐकू येईनाशी होऊन दोन हंगाम झाले. गेल्या वर्षीचा नर त्याला ऐकू आलाच नव्हता, झुडूप हललं म्हणून दिसला. आणि त्या सकाळी अस्वलानं जबडा आपटला, तोही त्याला फक्त दिसला होता. मागून आलं असतं तर कळलंही नसतं. म्हणून दंडाला हात लावून सांगणारं कुणीतरी जवळ हवं होतं. नोला हाक घालणार, मग ती जवळ कशी बसणार?

हे सगळं बरोबर होतं. नोला रडली, त्याला बोल बोल बोलली, अगदी समोर उभी राहून बोलली म्हणजे एकही शब्द सुटायला नको. आणि संध्याकाळी तिनं आपलं सांगून टाकलं. हार्लनजवळ ती स्वतः बसणार. हाक मार्वा घालेल.

"तिला येत नाही," हार्लन म्हणाला.

"मी शिकवीन."

गावातल्या लोकांना वाटलं नोलानं मोठं मन केलं. मोठं मन कसलं? त्या डोंगरात दुसऱ्या बाईचा हात तिच्या नवऱ्याच्या दंडावर असणार, हे तिला सोसवलं नसतं, एवढंच. त्यासाठी तिनं आपली हाक देऊन टाकली आणि दिल्यावर लगेच तिला पश्चात्ताप झाला. ऑगस्टभर मार्वा चकती तोंडात धरून बदकासारखी ओरडायची आणि नोलाला त्याचा मनापासून आनंद व्हायचा. ती तिला ओरडायची, जीभ खाली कर, पोटातून हवा आण, काय गाढव बोलावतेयस का? मार्वा मुकाट पुन्हा सुरू करायची. महिना संपता संपता एका सकाळी तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून नोलाच्या अंगावर काटा आला. आवाज खरा होता. नोलाच्या आवाजापेक्षा थोडा खोल, थोडा थकलेला, म्हाताऱ्या मादीसारखा. नोला म्हणाली, "ठीक आहे." याहून जास्त तिच्या तोंडून निघेना.

सप्टेंबरात तिघं गेली. कुरणात तंबू लागला, भोवती तार, लांब चूल. पहिले काही दिवस नुसता पाऊस आणि गारठा. मग एका थंड सकाळी मार्वानं कड्याला टेकून हाक घातली आणि पलीकडच्या उतारावरून नरानं उत्तर दिलं. हार्लनला ते अर्थातच कळलं नाही. नोला त्याच्या डावीकडे अंगाला अंग लावून बसली होती. तिनं त्याच्या दंडावर बोट टेकवलं, उतार दाखवला. पुन्हा उत्तर आलं, जवळून. तिनं दोन बोटं टेकवली. मागून मार्वाची हाक इतकी सुंदर येत होती की नोलाला दात आवळून धरावे लागले. मग पाणी ओलांडल्याचा आवाज आला. तिनं सगळा तळवा त्याच्या पाठीवर ठेवला. हार्लननं धनुष्य ताणलं. त्याचं काळीज किती जोरात उडत होतं, ते तिला हाताला लागलं. इतक्या वर्षांत ती नेहमी मागे बसलेली, त्याचं काळीज असं उडतं हे तिला कधी माहीतच नव्हतं.

बाण बरोबर बसला. तिघांनी मिळून दुपारपर्यंत मांस सुटं केलं, एक जण सतत झाडीकडे तोंड करून उभं. खेचरांवर लादून ऊन असतानाच तिथून निघाली. दुसऱ्या दिवशी खाली उतरताना वाटेवरच्या चिखलात त्यांच्याच पावलांवर अस्वलाचे रुंद पंजे उमटलेले दिसले. अस्वल मात्र दिसलं नाही.

नोव्हेंबरात चर्चच्या जेवणात हार्लन लोकांना सांगत होता, मार्वानं कसा नर ओढून आणला. नोला ताट घेऊन जवळच उभी होती. तिच्या तोंडून निघालंच, "मी शिकवलं तिला." जरा जास्तच कडक निघालं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून मार्वा म्हणाली, "शिकवलं बाई, आणि रोज गाढव म्हणून शिकवलं."

लोक हसले. नोलाही हसली, थोडी उशिरानं.

हिवाळ्यात हार्लन ग्रेट फॉल्स शहरात जाऊन कानाला यंत्र लावून आला. घरात लावतो, डोंगरात काढून ठेवतो, म्हणतो वाऱ्याचा नुसता गोंगाट होतो. पुढच्या हंगामाच्या आधी मार्वानं नोलाला आपण होऊन विचारलं, हाक तुला परत हवी का? नोलाला हवी होती. चुलीपाशी उभी राहून तिनं विचार केला. मग तिच्याकडे तोंड करून म्हणाली, नको, मी हार्लनजवळ बसेन. मार्वाला आनंद झाला. तो तिनं लपवला नाही आणि नोलाला तो बघवला नाही. अजून दर सप्टेंबरला तिघं जातात. हाक मार्वा घालते. गावात आता सगळे तिचंच नाव घेतात, आणि ते ऐकलं की नोला त्या दिवशी शाळेत भांडी जरा जोरानं आपटते.