बेंबळीला न दाखवलेला तुकडा

बेंबळीच्या दूध डेअरीपुढं सकाळी सहाला रांग लागायची, आणि त्या साली त्या रांगेत दुधापेक्षा भुताचीच चर्चा जास्त होती.

"पोरगी शांत झाली," श्रीपती शिंपी म्हणाला. "शेवटी विहिरीत दिवा सोडला, धाकट्या बहिणीचं लगीन लागलं, सनई वाजली, पिक्चर खलास. म्या चार येळा बघितलाय."

"चार येळा बघितलास, पर चारी येळा अर्धाच बघितलास," बलभीम म्हणाला. त्याची सासुरवाडी जिल्ह्यातल्याच वाशीची. तिथल्या टॉकीजमध्ये त्यानं हाच सिनेमा पाहिला होता आणि तेव्हापासून तो बेंबळीकरांना काही कळत नाही असं धरूनच चालायचा. "आरं, दिवा सोडायच्या आधी ती पोरगी विहिरीतनं वर येती. आईम्होरं उभी राहती आन् एक गोष्ट इचारती. तेवढंच बेंबळीत दिसलं न्हाय."

"काय इचारती?"

"सांगितल्यावर मजा काय राहिली? वाशीला जाऊन बघ."

"सासऱ्याच्या घरी पोटभर जेवून टॉकीजमध्ये झोपला असशील. सपनात बघितलं असशील."

रांग हसली. बलभीम हटेना. "बरं, शांत झाली म्हणतूस. मग दुसऱ्या भागाची पाटी लागलीय ती कुणाची? शांत झालेली पोरगी परत कशी आली?"

श्रीपतीनं किटली दुसऱ्या हातात घेतली. "ते दुसरं भूत आसंल."

"विहीर तीच, आई तीच, आन् भूत दुसरं? बदली झाली व्हय पहिलीची?"

"दूध वता आधी," डेअरीचे सेक्रेटरी ज्ञानोबा आतून ओरडले. "भुताची फॅट काढायला मशीन न्हाय माझ्याकडं."

मुक्ताबाई या रांगेत बायकांच्या मागं किटली धरून उभी होती. ती हसली नाही. पोरगी आईला काय विचारते, एवढं एकच तिच्या कानात राहिलं. बलभीमला बाजूला घेऊन विचारावं असं तिला वाटलं, पण रांग पुढं सरकली.

मुक्ताबाईला गावात सगळे ओळखायचे ते तंबूतली बाई म्हणून. सुगी झाली की लोहाऱ्याच्या आबारावांची टुरिंग टॉकीज बेंबळीच्या बाजारतळावर तंबू ठोकायची. आत मधोमध कापडाची कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बायकांच्या दारावर वयानं पोक्त, घरच्यांनी विश्वास टाकावा अशी बाई हवी होती. नवरा गेल्यावर मुक्ताबाई एकटीच होती, ती उभी राहिली. लाकडी पेटीवर बसायचं, तिकीट फाडायचं, लेकुरवाळीला कडेला जागा करून द्यायची, दारू पिऊन आलेल्या पुरुषाला या दारातून हाकलायचं. कुठल्या सुनेनं सासूची नजर चुकवून सिनेमा बघितला हे तिला ठाऊक असायचं आणि तिच्या तोंडून ते कधी बाहेर पडायचं नाही.

पेटीवर ती बसायची ती पडद्याकडं पाठ करून. आठ वर्षांत तिनं एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. सगळ्या नटनट्या तिला आवाजानं माहीत होत्या, तोंडं माहीत नव्हती. बायका म्हणायच्या, "मुक्ताआक्का, फुकटात बगायला मिळतंय तर बगा की." ती म्हणायची, "दाराकडं कोण बगंल मग?"

विहिरीचा सिनेमा दोन वर्षांमागं पहिल्यांदा आला तेव्हा मात्र एक गोष्ट घडली. त्यात एक आई पुरलेला सोन्याचा हंडा काढायला आपल्या पोरीला दोरानं विहिरीत सोडते, आणि पोरगी आत पडून मरते. मुक्ताबाईची पाठ पडद्याकडंच होती. पण मागून पोरीची हाक आली, विहिरीत घुमलेली, "माँ!" आणि मुक्ताबाई पेटीवरून खाली कोसळली. मंगळवार होता, तिचा देवीचा उपवास. लोक म्हणाले, उपवासानं चक्कर आली. तोंडावर पाणी मारून तिला उठवलं, आणि त्या गोंधळात खेळ तिथंच आटोपला. दुसऱ्या दिवशी सिनेमा पुन्हा लागला तेव्हा ती दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरून हाकेची वाट बघत बसली. हाक आलीच नाही. सनई वाजायला लागली. आपणच देवीचा धावा करण्यात गुंग होतो, ऐकू आलं नसेल, असं तिला वाटलं.

मंगळवार तिनं कधी सोडला नव्हता. पण तुळजाभवानीच्या तसबिरीपुढं दिवा लावताना ती काही मागायची नाही. मागायला आपल्याला तोंड नाही असं तिला वाटायचं. त्याचं कारण बहात्तरच्या दुष्काळात होतं.

त्या साली गावातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. एका मळ्यातल्या विहिरीत कपारीला ओंजळभर पाणी झिरपायचं. मोठ्या माणसाला खाली सोडलं तर वर ओढणं व्हायचं नाही, म्हणून अंगानं हलकी पोरगी बघायची, कमरेला दोर बांधून तिला सोडायचं. तिनं खाली बसून वाटी वाटीनं हंडा भरायचा. आधी हंडा वर घ्यायचा, मग पोरगी. मुक्ताबाईची कमळ दहा वर्षांची, काटकुळी. तिला भीती वाटायची नाही. खालून गाणी म्हणायची, वरच्या बायकांना नावं ठेवायची.

त्या मंगळवारी काठावर मुक्ताबाई आणि शेजारची जाईबाई अशा दोघीच होत्या. हंडा वर आला. जाईबाई तो घेऊन बाजूला गेली. कमळ निम्म्यावर आली होती. मुक्ताबाई आठ दिवस खडीच्या कामावर दगड फोडत होती, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. डोळ्यांपुढं अंधारी आली. दोर तळव्यातून सुटायला लागला, तळवा भाजला, आणि भाजला म्हणून तिनं तो सोडला.

खाली खडक होता.

माणसं धावत आली. "दोर तुटला का?" कुणीतरी विचारलं. मुक्ताबाईनं होय म्हणून मान हलवली. तेवढंच. पण त्या दिवसापासून कमळचा दोर तुटला होता. नवरा मरेपर्यंत तेच धरून राहिला, दोर विकणाऱ्याला शिव्या देत राहिला, आणि ती ऐकत राहिली.

दुसरा भाग दाखवायच्या आधी पहिला भाग तीन दिवस लावायचा, असं आबारावांनी ठरवलं. ते कळताच बलभीम चार-सहा जणांना घेऊन दुपारीच तंबूवर आला. मुक्ताबाई दारात झाडत होती.

"मालक, पैला भाग अख्खा दावा," बलभीम म्हणाला. "वाशीवाल्यानं काय पाप केलं न्हाय ते आमी केलं? न्हायतर दुसऱ्या भागाला तंबूत मालकच बसा."

आबाराव तसेच मशीनकडं वळले. ऑपरेटर बंडप्पा रीळ गुंडाळत होता. "काय रं, कापलास का तू?"

"तुटला, मालक. फेकून दिला."

"तुटला! चार येळा इथं दावला, आन् चारी येळा नेमका तेवढाच न्हाय? तुकडा लाव. न्हायतर मशीन दुसऱ्याच्या हातात देतो."

ते गेल्यावर मुक्ताबाई केरसुणी ठेवून आत आली. बंडप्पा सीमेकडच्या गावचा, घरी कानडी बोलणारा, फार न बोलणारा माणूस.

"बंडप्पा, कुठंय तो तुकडा?"

"तुटला, आक्का."

"तुटला म्हनू नगंस," ती म्हणाली. "म्या धा वर्सं हेच म्हनत आलेय."

बंडप्पाचे हात थांबले. त्यानं मशीनखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत फिल्मची गुंडाळी होती, नीट कापडात बांधलेली.

"तुमच्यासाठीच कापला, आक्का. तवा तुमी पडलात. गावात कुणी म्हनलं, हिची लेक विहिरीत गेली. म्या म्हनलं, कशाला रोज तेच त्यांच्या कानावर? वाशीला काय बी दिसू दे, इथं नगं."

मुक्ताबाईनं फिल्म उजेडाकडं धरली. अंगठ्याच्या नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. प्रत्येकात तीच ओली पोरगी. खाली खाली जावं तसं तिचं तोंड थोडं थोडं उघडत होतं.

"काय म्हनती रं ही?"

बंडप्पाला खोटं सांगता आलं असतं. त्यानं दोन वर्षं अख्ख्या गावाला आपल्या मनाचा सिनेमा दाखवला होता. पण तो खाली बघून म्हणाला, "म्हनती, आई, दोर का सोडलास?"

बाहेर कुणीतरी तंबूची मेख ठोकत होतं.

"आन् आई?"

"आई म्हनती, दोर तुटला, पोरी."

"मग?"

"मग काय न्हाय. पोरगी बगत राहती आन् पाण्यात परत जाती. मग दिवा, मग लगीन."

मुक्ताबाईनं फिल्म त्याच्या हातात दिली. "लाव ती."

"आक्का..."

"लाव म्हनतेय न्हवं."

त्या संध्याकाळी तिकिटं फाडून झाल्यावर मुक्ताबाईनं पेटी फिरवली आणि पडद्याकडं तोंड करून बसली. विहीर आली, दोर आला, हाक आली. ती पडली नाही. पोरगी वर आली, आईपुढं उभी राहिली, आणि तिनं विचारलं. पडद्यावरची आई सोन्यानं मढलेली, गोरीगोमटी. मुक्ताबाईसारखं तिच्यात काहीच नव्हतं. पण खोटं बोलताना ती मान हलवत होती.

पुरुषांच्या बाजूनं बलभीमचा आवाज आला. "बगा! खोटं बोलली! म्हनून दुसरा भाग!" शिट्ट्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी डेअरीपुढं बलभीमची छाती फुगलेली होती. श्रीपती मात्र उदास दिसत होता.

"पटलं का आता?" बलभीम म्हणाला.

"पटलं. तरीबी बेंबळीचाच बरा हुता," श्रीपती म्हणाला. "बघून घरी गेल्यावर झोप तरी लागायची. त्या आईला तरी काय सुचलं असंल त्या टायमाला? दोर तुटला म्हनली, ज्याचं त्याला ठावं."

"खोटं ते खोटं. खरं बोलली असती तर पोरगी सुटली असती."

"तुला काय ठावं सुटली असती?"

"माज्या कमळीचा दोर तुटला न्हवता," मुक्ताबाई म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण सगळ्या रांगेला ऐकू गेलं. बलभीमचं तोंड तसंच उघडं राहिलं. ज्ञानोबांच्या हातातलं माप हवेतच थांबलं.

"म्या सोडला," ती म्हणाली. "हात भाजला म्हनून सोडला."

तिच्या मागून जाईबाई म्हणाली, "ठावं हाय मला."

मुक्ताबाई वळली. जाईबाई किटलीच्या झाकणाकडं बघत होती.

"त्याच दोरानं म्या दोन वर्सं म्हस बांधली. कुठंच तुटला न्हवता."

"मग बोलली का न्हाईस? धा वर्सं भिंतीला भिंत लावून राहिलीस."

"काय बोलू? तू मान हलवलीस." जाईबाईनं किटलीचं झाकण दाबलं. "आन् म्या कुठं लांब हुते? तुजा तोल जाताना बगितला म्या. पर हातात भरलेला हंडा हुता. सांडंल म्हनून आधी खाली ठेवला, नीट. मग धावले."

बायकांमधली एक म्हातारी पदर तोंडाला लावून "आई भवानी" म्हणाली. त्या सालचं पाणी आठवणाऱ्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. हंडा खाली ठेवायला किती वेळ लागतो हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती.

"मुक्ताआक्का, किटली द्या," ज्ञानोबा हळूच म्हणाले.

तिनं दूध ओतलं. थोडं बाहेर सांडलं. ज्ञानोबांनी माप भरलं असं लिहिलं. मुक्ताबाई जाईबाईकडं न बघता घरी गेली, आणि पुढचे दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. भिंतीपलीकडून जाईबाईच्या खोकल्याचा आवाज यायचा. मुक्ताबाईला राग नेमका कुणाचा यायचा ते तिला कळेना. तसबिरीपुढं दिवा लावून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली, पण मागायचं काय ते अजूनही सुचेना.

दुसरा भाग आला त्या दिवशी बंडप्पा दुपारीच तिच्याकडं आला. "आक्का, म्या रिळं बगितली न्हाईत अजून. आधी बगून काय कापायचं आसलं तर..."

"न्हाय. हाय तसं दाव."

अंधार पडला तशी बायकांची झुंबड उडाली. सगळ्यात शेवटी जाईबाई आली. ती कधीच तंबूत यायची नाही. तिनं तिकीट पुढं केलं, मुक्ताबाईनं फाडलं आणि अर्धं परत दिलं. जाईबाई आत गेली नाही.

"सरक," ती म्हणाली.

मुक्ताबाई पेटीवर एका बाजूला झाली. दोघींना पेटी अपुरी पडत होती. आतला दिवा गेला, मशीन घरघरू लागलं, आणि पोरगी या खेपेला काय विचारते ते ऐकायला दोघी पडद्याकडं तोंड करून बसल्या.